पाळलेल्या कुत्रीच्या पिल्लांचा धनी कोण?

कार्तिक लागला, उसाच्या तोडी सुरू झाल्या, की वस्त्यावस्त्यांवर एक देखावा हमखास दिसतो. पाचटाच्या ढिगात, कडब्याच्या गंजीखाली नाहीतर गोठ्यातल्या मोकळ्या गव्हाणीत कुत्री व्यालेली असते. पाच-सहा पिल्लं असतात. घरातली पोरं त्यांना नावं ठेवतात, म्हातारी वाटीभर दूध ओतते. महिन्या-दीड महिन्यानं पिल्लं गोठाभर फिरू लागतात, कोंबडीची पिल्लं धरतात, दुधाच्या किटलीत तोंड घालतात. मग घरातला कर्ता माणूस एके दिवशी म्हणतो, "न्या रं ही कुठंतरी सोडून."

शेतकरी बांधवांनो, या "कुठंतरी" विषयी आज थोडं लिहायचं आहे.

मी कृषी खात्यातला माणूस. कृषी पदविका करून या नोकरीत आलो. बियाणं, खत, ठिबक, पीकविमा हे माझे विषय. पशुवैद्य नाही. पण माझं निम्मं आयुष्य गोठ्यात गेलं आहे आणि नोकरीचा बराचसा वेळ तुमच्या वस्त्यांवर जातो. म्हणून जे पाहिलं आणि जे स्वतः केलं, ते सांगतो. केलं ते चांगलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवरची चिमी नावाची कुत्री व्याली. पाच पिल्लं. दोन नर पिल्लं शेजारच्यांनी मागून नेली. उरलेल्या तिन्ही माद्या. मादी कोणी नेईना. आमचे अण्णा म्हणाले, "तू रोज दहा गावं फिरतोस, एखाद्या गावाला सोड." मी युरियाच्या रिकाम्या गोणीत ती तीन पिल्लं घातली, गोणी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली आणि एका बाजाराच्या गावात, बाजारतळाच्या मागं उकिरड्यापाशी सोडली. सोबत बिस्किटचा पुडा फोडून टाकला. तेवढ्यानं मनाची समजूत काढली आणि शिवारफेरीला निघून गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं आलो तर एक पिल्लू उसाच्या ट्रॅक्टरखाली आलेलं होतं. बाकीची दोन दिसली नाहीत.

त्याच गावात पुढं दीड-दोन वर्षांनी मोकाट कुत्र्यांच्या टोळीनं एका विधवा मावशींच्या चार शेळ्या फाडल्या. दोन गाभण होत्या. मी दुसऱ्याच कामासाठी तिथं गेलो होतो. मावशी मला म्हणाल्या, "साहेब, वाघरानं मारलं असतं तर सरकारनं पैसं तरी दिलं असतं. कुत्र्यानं मारलं तर कुणाकडं जायचं?" खरं आहे. बिबट्यानं जनावर मारलं तर वनखातं पंचनामा करून भरपाई देतं. कुत्र्यानं मारलं तर ती वाट नाही. त्या टोळीत माझ्या गोणीतली कुत्री किंवा तिची पिल्लं होती का? सांगता येत नाही. नव्हती, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मोकाट कुत्री येतात कुठून?

ग्रामसभेत मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला की सगळे सरपंचाकडं बोट दाखवतात. सरपंच भाऊसाहेबांकडं बघतात, भाऊसाहेब पंचायत समितीकडं. पण ही कुत्री काही आकाशातून पडत नाहीत. उकिरड्यावर जन्मणारी आहेतच. पण त्यांत दर हिवाळ्याला भर पडते ती आपल्या गोठ्यातून, आपल्या वस्तीवरून. ज्याला आपण "मोकाट" म्हणतो, त्याची आई किंवा आजी कुणाची तरी पाळीव होती, असं गावोगाव दिसतं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली.

आपल्याकडं भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. बहुतेक गावठी कुत्र्या भाद्रपद-आश्विनात माजावर येतात. काही वर्षातून दोनदाही येतात. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लंच पिल्लं. कुत्री सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येऊ शकते, म्हणजे या हिवाळ्यातलं मादी पिल्लू पुढच्या हिवाळ्यात आई झालेलं असतं.

हिशोब पाटीवर मांडून बघा. समजा गावात आणि वस्त्यांवर मिळून चाळीस पाळीव कुत्र्या आहेत. प्रत्येकीला वर्षाला एक वेत आणि वेताला पाच पिल्लं धरली, तरी दोनशे पिल्लं झाली. एका गावात, एका वर्षात. नवीन राखणीची गरज किती घरांना असते? पाच, फार तर दहा. बाकीची एकशे नव्वद जातात कुठं? त्या "कुठंतरी" जातात. आणि शेजारच्या गावातली "कुठंतरी" आपल्या गावात येतात.

त्यांचं पुढं काय होतं, हेही मोजून पाहिलेलं आहे. कोलकात्याच्या आयसर या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातली फक्त १९ पिल्लं वयात येईपर्यंत जगली. जी मेली त्यांतली ६३ टक्के माणसांच्या कारणानं मेली. म्हणजे "सोडून दिलं, जगंल आपलं नशिबानं" हे आपण स्वतःला सांगतो ते खोटं आहे. बहुतेक जगत नाहीत. आणि जी जगतात ती उपाशी, टोळीनं हिंडणारी आणि लस नसलेली असतात.

शिवाय हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा धरला आहे. मी गोणी घेऊन निघालो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कदाचित गेलो असतो, कारण सगळेच जातात. इथंच तर गोम आहे.

बैल बडवतो, मग कुत्रीला का कचरतो?

गावात नसबंदीचा विषय काढला की पहिला शब्द येतो "पाप". एका वस्तीवर एक तात्या मला म्हणाले, "साहेब, मुक्या जनावराचा वंश तोडायचा व्हय? ते काय बोलून दाखवणार हाय?" तात्यांच्या दारात तेव्हा खिल्लारी बैलजोडी उभी होती. मी विचारलं, "तात्या, हे बैल असेच जन्मले का?" तात्या हसले.

आपण पिढ्यान्‌पिढ्या खोंड बडवत आलो. पूर्वी दगडानं, लाकडानं ठेचत. त्या जनावराचे हाल आठवले तरी अंगावर काटा येतो. पुढं डॉक्टरांचा चिमटा आला. मांसासाठी वाढवायचा बोकडही आपण खच्ची करतो. गावात शंभर खोंड जन्मले तर वळू म्हणून एखादाच ठेवतो, तोही आई-बापाचं दूध, बांधा, स्वभाव बघून. यात वंश तोडला असं कोणी म्हणत नाही. उलट वंश राखायची हीच रीत आहे, असं म्हणतो. मग कुत्र्याच्या बाबतीत हा हिशोब कुठं जातो? तिथं आपण वीण निसर्गावर सोडतो आणि पिल्लं गोणीत भरतो.

पाप कशात आहे, हे ज्याचं त्यानं ठरवावं. भूल देऊन, अर्ध्या-पाऊण तासात केलेली एक शस्त्रक्रिया एका बाजूला, आणि दर वर्षी डोळे नीट न उघडलेली पिल्लं आईच्या अंगावरून ओढून उकिरड्यावर टाकणं दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी चिमी मोटारसायकलच्या मागं चारीपर्यंत पळत आली होती. नंतर तीन दिवस ती गव्हाण हुंगत फिरत होती. मला तरी पाप कुठं आहे ते तिथं दिसलं.

नेहमीच्या शंका

या विषयावर गेल्या दोन-तीन वर्षांत मी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बरंच बोललो आहे. आपल्या लोकांच्या शंका त्यांच्यापुढं मांडल्या. त्यांतल्या मुख्य इथं देतो.

पहिली शंका, "नसबंदी केलेलं कुत्रं राखण करत नाही." राखण ही माजावर अवलंबून नसते. ती कुत्र्याच्या जागेवरच्या आणि माणसावरच्या जिव्हाळ्यावर असते. बडवलेला बैल नांगर ओढायचा थांबतो का? उलट नसबंदी न केलेला नर भाद्रपदात वस्ती सोडून आठ-आठ दिवस गायब होतो. परत येतो तो कान फाटलेला, जखमेत किडे पडलेला. ज्या दिवसांत मका-बाजरी काढणीला आलेली असते, नेमकी त्या दिवसांत राखण उघडी. नसबंदीनंतर हे भटकणं आणि नरा-नरांची मारामारी बऱ्यापैकी कमी होते.

दुसरी शंका, "एक वेत तरी होऊ द्यावं, नाहीतर कुत्री आजारी पडते." याला कसलाही आधार नाही. खरं उलट आहे. वय झालेल्या, नसबंदी न केलेल्या कुत्र्यांना गर्भाशयात पू होण्याचा रोग होतो आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्री दगावते. गर्भाशयच काढलेलं असेल तर तो प्रश्न उरत नाही. सडांच्या गाठींचा धोकाही लवकर केलेल्या नसबंदीनं कमी होतो. कुत्र्यांमध्ये एकमेकांना लागून पसरणारी जननेंद्रियाची गाठ आपल्याकडं पुष्कळ दिसते. मागच्या बाजूनं रक्त गळत असलेलं कुत्रं तुम्ही पाहिलं असेल. ती गाठ मुख्यतः समागमातून पसरते.

तिसरी शंका, "आपला नर आहे, आपल्याला काय करायचं?" कुत्री एका वेताला पाच पिल्लं देते, नर एका भाद्रपदात किती कुत्र्यांवर जातो याची मोजदाद नाही. पिल्लं शेजाऱ्याच्या गोठ्यात झाली म्हणून जबाबदारी शेजाऱ्याची होत नाही. तरीही एकालाच करणं परवडत असेल तर आधी मादीची करावी, कारण एका मोकाट नरानंही गावातल्या सगळ्या माद्या गाभण राहतात.

चौथी शंका खर्चाची. ही खरी आहे, टाळण्यासारखी नाही. सरकारी दवाखान्यात शुल्क थोडं असतं, पण प्रत्येक दवाखान्यात ही शस्त्रक्रिया होतेच असं नाही. खासगी डॉक्टरकडं काही हजार लागतात. शेतकऱ्याला हजार रुपये म्हणजे हजार रुपयेच असतात. पण एक गाभण शेळी गेली तर किती जातात? आणि कुत्री आठ-दहा वर्षं जगते, शस्त्रक्रिया एकदाच. तेवढ्या वर्षांत तिची सात-आठ वेतं होतील. त्या हिशोबानं बघा.

एक इशारा मात्र देतो. खर्च वाचवायला काही जण कुत्री माजावर येऊ नये म्हणून कुणाकडून तरी इंजेक्शन टोचून घेतात. हार्मोनच्या अशा इंजेक्शनांनी गर्भाशयात पू आणि सडांना गाठी होण्याचा धोका वाढतो. स्वस्त वाटतं, महागात पडतं.

नसबंदीचे तोटे नाहीतच, असं मी म्हणणार नाही. कुत्रं सुस्तावतं, अंग धरतं. खाणं थोडं बेतानं द्यावं लागतं. काही माद्यांना पुढं लघवी आवरत नाही. भूल म्हटली की थोडा धोका आलाच. मोठ्या अंगाच्या विलायती कुत्र्यांची फार लवकर केली तर सांध्यांचा त्रास होऊ शकतो, त्यांचं वय डॉक्टरांना विचारून ठरवावं. हे सगळं धरूनही वस्तीवरच्या साध्या कुत्र्यासाठी पारडं नसबंदीच्याच बाजूला झुकतं, असं माझं मत झालं आहे.

बिबट्याचा धडा

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अकोले तालुक्याच्या पट्ट्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या विष्ठेवरून काढलेल्या त्या हिशोबात, त्यानं खाल्लेल्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा पाळीव व गावातल्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा ११ टक्केच. म्हणजे उसात राहणाऱ्या बिबट्याची रोजची भाकरी कुत्रं हीच आहे.

कुत्रं भुंकून आपल्याला सावध करतं, हेही खरं. म्हणून वस्तीवर कुत्रं नकोच असं मी म्हणत नाही. राखणीचं एक-दोन कुत्री रात्री आडोशाला, बंद जागेत ठेवावीत. पण गावाभोवती दर हिवाळ्यात शेकड्यानं पिल्लं सोडणं म्हणजे बिबट्याला गावाच्या वेशीवर बारमाही खाणावळ काढून देणं आहे. जुन्नरकडं बिबट्यांची नसबंदी करा, ही मागणी गेली काही वर्षं जोरात आहे. मागणी करणाऱ्यांची तळमळ मी समजू शकतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी ती करावीच. पण जंगली जनावराच्या नसबंदीसाठी आपण सरकारकडं बोट दाखवतो आणि आपल्या दारातल्या, आपल्या हातची भाकर खाणाऱ्या कुत्रीच्या नसबंदीला पाप म्हणतो, हे कुठं बसत नाही.

मग वीण कोणी करावी?

प्रत्येक कुत्र्याची नसबंदी करा, असं माझं म्हणणं नाही. दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांकडची कुत्री बघा. रात्रभर वाड्याभोवती जागतात, मेंढराच्या अंगावर कधी जात नाहीत. त्यांची वीण धनगर बांधव पारखून करतात आणि पिल्लू कुणाच्या वाड्यावर जाणार हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. मुधोळसारखी आपली देशी शिकारी जात आज राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे, ती लोकांनी नेटानं राखली म्हणूनच. अशी कामाची वीण टिकलीच पाहिजे.

पण शहरातून डॉबरमन किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू आणायचं आणि "दोन वेतं विकली की पैसे वसूल" असा हिशोब करायचा, हे वेगळं. त्याला २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची वीण करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्या भागात असा धंदा करायला निघालेले मी तीन-चार जण पाहिले. गिऱ्हाईक मिळेना, पिल्लांच्या लसी-औषधात पैसे गेले आणि शेवटी लांब केसांची, उन्हानं धापा टाकणारी कुत्री हायवेच्या ढाब्यांवर दिसू लागली.

म्हणून मी एक सोपा नियम धरला आहे. प्रत्येक पिल्लाचं घर आधी ठरलेलं असेल, तरच वीण. घर ठरलेलं नसेल तर वीण नको.

कधी आणि कसं करावं?

कुत्री सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांना दाखवावी. भाद्रपदाची वाट बघू नये. माजावर असताना शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त होतो. चैत्र-वैशाखात कामं सैल असतात, जमीन कोरडी असते, तो काळ सोयीचा. व्यालेली असेल तर पिल्लं अंगावरून तुटेपर्यंत, साधारण दोन महिने थांबावं. आधी दवाखान्यात चौकशी करून दिवस ठरवून घ्यावा. आदल्या रात्रीपासून खायला देऊ नये. नेताना दोरी आणि तोंडाला मुसकं असावं, सवयीचा माणूस सोबत असावा.

नंतर दहा-बारा दिवस कुत्रं कोरड्या, स्वच्छ जागी बांधून ठेवावं. शेण-मुताच्या गोठ्यात नको, पाटाच्या पाण्यात जाऊ देऊ नये. टाके चाटू नयेत म्हणून डॉक्टर गळ्यात पट्टा घालतात, तो काढू नये. जखमेवर माशी बसू देऊ नये. नर असेल तर शस्त्रक्रियेनंतर महिनाभर मादीपासून लांब ठेवावा, कारण तेवढे दिवस बीज शिल्लक असू शकतं.

आणि नसबंदी केली म्हणजे रेबीजची लस चुकली तरी चालते, असं नाही. लस तिसऱ्या महिन्यात, पुढं डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि मग दर वर्षी. २०२४ साली देशात ३७ लाखांवर कुत्रा चावल्याच्या घटनांची नोंद झाली. रेबीज एकदा उमटला की माणूस वाचत नाही, असंच समजावं. लहान पिल्लूही पिसाळलेलं असू शकतं. पोरं गोणीतली पिल्लं हाताळतात तेव्हा हे ध्यानात ठेवा. कुत्रं चावलं तर जखम लगेच साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. चुना, तिखट, हळद काही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. सांगितलेल्या तारखांची सगळी इंजेक्शनं घ्यावीत.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत जबाबदारी स्पष्ट वाटून दिली आहे. पाळीव कुत्र्याची जंत-औषधं, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थेची, आणि ते काम मान्यताप्राप्त प्राणी कल्याण संस्थेमार्फतच व्हायला हवं. मारून टाकणं, विष घालणं हा मार्ग कायद्यानं बंद आहे. विष घातलेला तुकडा कुत्र्यासोबत घारी-गिधाडं आणि शेजाऱ्याचं वासरूही मारतो, ते वेगळंच. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशी ठिकाणं मोकाट कुत्र्यांपासून सुरक्षित करण्याचा आदेश दिला. तेव्हा शाळेच्या कुंपणाचा विषयही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मासिक सभेत घ्यावा.

एकट्या गावाला मोकाट कुत्र्यांचं नसबंदी केंद्र चालवणं जमणारं नाही. पाच-दहा ग्रामपंचायतींनी मिळून पंचायत समितीकडं मागणी केली तर काही हालेल. पण पाळीव कुत्र्यांपुरतं काम उद्यापासून करता येतं. गावातल्या पाळीव कुत्र्यांची एक साधी नोंदवही करा: कुणाचं, नर की मादी, लस कधी, नसबंदी झाली का. १ मेच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र देऊन शिबिराची तारीख मागा. ज्याला खर्च झेपत नाही त्याच्यासाठी दूध संस्थेनं, सोसायटीनं किंवा गणेश मंडळानं चार पैसे घालावेत. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात किती कुत्र्या होतील, हे मंडळानंच मोजावं. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन ऐन भाद्रपद-आश्विनात येतो, त्या दिवशी गावभर लसीकरण घ्यावं. आणि चिकनवाल्यांची घाण, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणं बंद करा. जिथं खायला आहे तिथं टोळी जमणारच.

यानं पुढच्याच वर्षी कुत्री कमी होतील असं समजू नका. आहेत ती आपलं आयुष्य काढतील. पण नवी भर थांबली तर पाच-सहा वर्षांत फरक दिसावा. एका घरानं करून भागत नाही. शेतातल्या हरळीसारखं आहे, शेजाऱ्याच्या बांधावर राहिली तर आपल्यात येणारच.

चिमी अजून आमच्या वस्तीवर आहे. त्या प्रकारानंतरच्या उन्हाळ्यात मी तिची शस्त्रक्रिया करून घेतली. अण्णांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या कुत्रीची करून आणली, काय सुदीक झालं नाही." रात्री दारं धरायला गेलो की ती अजून पुढं चालते आणि बिबट्याची चाहूल लागली की तीच आधी गुरगुरते.

यंदाच्या कार्तिकात तुमच्या गोठ्यात पिल्लं झाली, तर गोणी शोधण्याआधी एकदा विचार करा. कुत्री ज्याची, पिल्लंही त्याचीच. गावाच्या वेशीबाहेर नेली म्हणून धनी बदलत नाही.